सकाळचा नमुना

डॉक्टर खंदाऱ्यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते एका कुत्र्याच्या मागं पळी घेऊन चालले होते.

मी दूध घ्यायला फाटकाशी आले होते. समोरून हे गृहस्थ. अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, कडक इस्त्रीची पँट, पायांत चामड्याच्या चपला आणि हातात लांब दांड्याची स्टीलची पळी. पंगतीत वरण वाढतात तसली. त्यांच्या पुढं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं पिवळं कुत्रं. कुत्रं थांबलं की हे थांबत, चालू लागलं की हे चालत. असं करत दोघं आमच्या विजेच्या खांबापाशी आले. कुत्र्यानं पाय वर केला मात्र, साठीच्या पुढचा तो माणूस चटकन वाकला, पळी बरोबर खाली धरली आणि भरून वर घेतली. "मेहरबानी झाली साहेब," असं त्या कुत्र्याला म्हणाला. खिशातून बाटली काढून पळीतलं तिच्यात ओतलं, झाकण घट्ट लावलं, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"नमस्कार मॅडम. शेजारच्या घरात राह्यला आलोय आमी. खंदारे. ढोराचा डॉक्टर," ते म्हणाले. "आन् ही पळी स्वयंपाकातली न्हाई बरं का. वेगळी हाय. गैरसमज नको."

गैरसमज व्हायचा तो झालाच. आमची कॉलनी परभणीत कारेगाव रोडला. मास्तर, बँकेतले, पाटबंधाऱ्यातले असे लोक. आठवड्याच्या आत 'पळीवाले डॉक्टर' हे नाव सगळीकडं झालं. काही जण त्यांना पाहून रस्त्याची बाजू बदलत. डॉक्टरांना ते दिसत असणार, पण त्यांनी कधी दाखवलं नाही.

सरकारी नोकरीत त्यांची सगळी हयात जनावरांच्या दवाखान्यात गेली. जिंतूर, पाथरी, मधे कुठं कुठं. मूळ गाव जिंतूर तालुक्यातलं. एकदा चहा पिताना, काही विचारलेलं नसताना म्हणाले, "आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली. बापानं धम्म घेतला आन् ते काम सोडलं. मी जित्या ढोराला हात लावायला शिकलो." मग बशीतला चहा संपवून पुढं म्हणाले, "सुरुवातीला लोक मला गोठ्यात बोलवायचे, ओट्यावर न्हाई. पन म्हशीला कुठं काय ठाऊक असतं?" हे सांगताना ते हसले. मला मात्र हसू आलं नाही.

जनावरांशी ते अहोजाहो करत. "अहो बाई, जरा दमानं," असं शिंगं उगारणाऱ्या गाईला. "काय म्हनता पाटील?" असं बोकडाला. माणसांना मात्र सरसकट अरेतुरे. फक्त आम्ही मास्तरलोक आणि त्यांची बायको तेवढी सुटली होती. बायको म्हणजे सुमनवहिनी. अंगानं किरकोळ, बोलायला ठसकेबाज. त्या मला म्हणत, "ताई, ह्यांनी मला लग्नानंतर जवा पैल्यांदा अहो म्हनलं, तवा मी माघं वळून बघितलं, शेळी आली का काय!"

निवृत्तीनंतर पुढच्या खोलीत त्यांनी छोटा दवाखाना थाटला. आसपासच्या खेड्यांतून शेळ्या यायच्या, कॉलनीतली कुत्री यायची. कुत्र्यांच्या लघवीचा हा उद्योग मात्र दवाखान्याचा नव्हता. तो त्यांच्या भाचीसाठी होता.

भाचीचं नाव प्रज्ञा. वडील लहानपणीच वारले, तेव्हा डॉक्टरांनी तिला आपल्याकडं आणलं आणि वाढवलं. ती पुण्याला एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. विषय किडनीचा जुना आजार. किडनी आतून किती दुखावली आहे, तिच्या मांसात कितपत व्रण पडलेत, हे सुई न टोचता, तुकडा न काढता, नुसत्या लघवीवरून ओळखता येईल का, याचा ती शोध घेत होती. मुख्य काम माणसांच्या नमुन्यांवर. बरोबरीनं कुत्र्यांचे नमुने हवे होते, कारण कुत्र्यांनाही म्हातारपणी हाच आजार होतो. मामांनी परभणीची जबाबदारी उचलली. बाटल्या बर्फात ठेवून, थर्माकोलच्या पेटीत घालून ते ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पुण्याला पाठवत. ड्रायव्हरला बजावत, "उलटी ठिवू नको रे. आत पोरीचं शिक्षान हाय."

मी त्यांना एकदा विचारलं, "पण डॉक्टर, रक्त तपासतातच की. क्रिएटिनिन का काय ते?"

त्यांनी मला आमच्याच मोरीपाशी नेलं. न्हाणीघराची बाहेरची भिंत ओल धरून होती. "ही भिंत बगा. गिलावा साबूत हाय. बाहेरून कुनी म्हनंल का, आत काही बिघडलंय म्हनून? पन आतली माती भुरभुरायलीय, आन् ती पान्यासंगं नालीतून वाहून चाललीय. तुमचं क्रिएटिनिन म्हंजे भिंत वाकल्यावर कळतं. निम्मी किडनी गेली तरी ते गप असतं. आमची पोरगी नालीतली माती बघती. किडनीत बारीक बारीक नळ्या असतात. त्यांना मार बसला की त्या एक प्रथिन सोडतात, ते लघवीत उतरतं. व्रण वाढायला लागला की आनखी दुसरं काही. रक्ताच्या लय आधी." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य: "लघवी खोटं बोलत न्हाई, मॅडम. तिला काय पडलंय?"

आमच्याकडं तेव्हा खंड्या होता. गावठी, काळा, एक कान मोडलेला. डॉक्टर त्याला 'खंडेराव' म्हणत, आणि खंडेराव त्यांच्या पळीला इतका सरावला होता, की फाटक वाजलं की आपणहून खांबाकडं जायचा. कित्येक महिने त्याचे नमुने पुण्याला गेले. मग एका सकाळी डॉक्टर पळी न घेता आले. चपला बाहेर काढून पायरीवर बसले.

"खंडेरावांच्या लघवीत ते प्रथिन वाढलंय," म्हणाले. "माघल्या खेपंला बी जास्त होतं. मी तुमाला बोललो न्हाई. म्हनलं पुन्ना बघू. पुन्ना तसंच हाय."

मी खंड्याकडं पाहिलं. तो समोर कबुतरांवर भुंकत होता. त्याचं रक्त तपासलं होतं, त्यात सगळं ठीक आलं होतं. खात होता, पळत होता.

"मग आता काय करायचं?"

"खान्यात मीठ बंद. मटन कमी. पानी भरपूर." ते थांबले. "आन् बघत राह्यचं."

बघत राहणं काय असतं, हे तेव्हापासून मला कळत गेलं. खंड्या तसाच पळायचा, भुंकायचा, आणि मी त्याच्याकडं पाहताना मनात उगीच मोजदाद करायची: आज कमी खाल्लं का, आज जास्त पाणी प्याला का. एकदा चिडून मी डॉक्टरांना म्हणालेसुद्धा, "तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. निदान तोवर तरी सुखात गेले असते दिवस."

त्यांना ते लागलं. मग म्हणाले, "सांगायला नको होतं का?" हा प्रश्न त्यांनी मला विचारला की स्वतःला, कुणास ठाऊक.

पुढच्या उन्हाळ्यात खंड्यानं अन्न टाकलं. तेव्हा रक्तानंही सांगायचं ते सांगितलं. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ येऊन त्याला कातडीखाली सलाईन देत. व्हरांड्यात कूलरपुढं पोतं अंथरलेलं, त्यावर खंड्या, आणि शेजारी खाली जमिनीवर मांडी घालून, सलाईनची बाटली हातात उंच धरून बसलेले डॉक्टर. मी म्हणायचे, खिळ्याला अडकवू या. ते म्हणायचे, "राहू द्या. हातात असली की त्यांना बरं वाटतं." खंड्या गेला तेव्हा त्यांनीच त्याला कारेगावच्या पुढं एका ओळखीच्या शेताच्या बांधावर नेऊन पुरलं. कुत्रं 'मेलं' असं ते कधी म्हणत नसत. "गेले," म्हणाले. चपला तशाच हातात घेऊन घरात गेले.

आता त्यांच्या खिशाबद्दल सांगितलं पाहिजे. शर्टाच्या वरच्या खिशात इतर लोक सुपारीची डबी ठेवतात, तसं त्यांच्या खिशात कायम दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट असायचं. त्याची गोष्ट सुमनवहिनींनी सांगितली होती. डॉक्टर पाथरीला असताना पोखर्णीच्या बाजूच्या एका गावात म्हैस अडली होती. रेडकू आत आडवं. पावसाची झड लागलेली, गोठ्यात गुडघाभर चिखल. डॉक्टर त्या चिखलात आडवे पडून खांद्यापर्यंत हात आत घालून रेडकू फिरवत होते, तेवढ्यात म्हशीनं अंग टाकलं. रेडकू जिवंत निघालं, म्हैसही वाचली, पण डॉक्टरांच्या पाठीत जी कळ शिरली ती कायमची. घरधनीण म्हातारी इतकी खूश झाली, की तिनं ओट्यावर पाट मांडून त्यांना जेवू घातलं. "त्या गावात ओट्यावर बसून जेवलेला आमच्यातला पैला मानूस मी," हे त्यांनी घरी येऊन वाकड्या कमरेनं वहिनींना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून गोळी सुरू झाली. फटफटीवर बसायचं तर गोळी, बैल पाडायचा तर गोळी. साखरेचा आजार पुढं आला, त्याच्या गोळ्या वेगळ्या. कुत्र्याला दुखण्याची गोळी देताना ते मालकाला दहा वेळा बजावत, किडनीला सांभाळा म्हणून. स्वतःचं पाकीट मात्र संपलं की नवीन आणत.

वहिनी म्हणत, "दुनियेला शानपन शिकवतेत."

"दुनिया वाकत न्हाई. मला वाकावं लागतंय," हे त्यांचं उत्तर.

नंतर कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की आपल्या लघवीला फेस येतोय आणि तो लवकर जिरत नाही. गावातल्या डॉक्टरांकडं जाऊन त्यांनी रक्त तपासून घेतलं. क्रिएटिनिन रेषेच्या जरासं वर. "वयोमानानं असतं, साखर सांभाळा," असं सांगितलं गेलं. त्यात त्या डॉक्टरांचीही चूक नव्हती. कागदावर तेवढंच दिसत होतं.

पण ह्या माणसाला नालीतली माती बघायची सवय. पुण्याला जाणाऱ्या पेटीत कुत्र्यांच्या बाटल्यांबरोबर त्यांनी एक बाटली जास्तीची ठेवली. तिच्यावर आपल्याच नावाची चिठ्ठी लावली: नाव नामदेव, जात गावठी, नर, म्हातारा.

फोन आला तेव्हा मी तिथंच होते. वहिनींनी शेंगदाण्याची चटणी कुटली होती, ती न्यायला मी गेले होते. डॉक्टरांचा फोन जुना, आवाज मोठा. पलीकडचं सगळं ऐकू यायचं.

"मामा, हा नामदेव कोण?"

"हाय एक म्हातारा. कामून?"

"कुत्र्याच्या किटवर काहीच आलं नाही. माणसाच्या किटवर लावला." प्रज्ञाचा आवाज बारीक झाला. "मामा, तुमचा आहे ना हा?"

"किती आलं ते सांग."

"आधी तुम्ही इकडं या. तपासण्या करू."

"प्रज्ञा, किती आलं?"

तिनं आकडा सांगितला. मला त्यातलं काही कळलं नाही. डॉक्टरांनी मात्र खाली बसून घेतलं, आणि हातातल्या चटणीच्या डब्याचं झाकण उगीच उघडून पुन्हा लावलं. सुमनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कुणाचं तरी काहीतरी वाईट आलंय, एवढंच त्यांना उमगलं. "कुनाचं कुत्रं आजारी हाय?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी फोन ठेवला.

प्रज्ञा दोन दिवसांत आली. दार उघडताच मामांच्या पाया पडली आणि मग तशीच खाली बसून राहिली. तीस-बत्तिशीची, चष्मेवाली, शहाणी पोरगी. पुण्याच्या प्रयोगशाळेतून सुटी काढून आलेली. ती मला म्हणाली, "काकू, माझ्याकडं शेकडो माणसांचे नमुने येतात. नावं नसतात, नुसते नंबर. आकडा वर दिसला की आम्हाला आनंद होतो, आमची पद्धत बरोबर चाललीय म्हणून. त्या दिवशी पण मी आधी खूश झाले. मग चिठ्ठी वाचली."

त्या दुपारी पुढच्या खोलीत मामा-भाचीचं जे बोलणं झालं, ते मी विसरू शकत नाही. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "आता ह्याच्यावर इलाज काय बदलायचा?"

"गोळ्या बंद. दुखण्याच्या सगळ्या, आजपासून. साखर, बीपी एकदम ताब्यात. मीठ कमी. वेग कमी करणारं औषध आहे, ते इथले डॉक्टर देतील."

"ते तर नुसत्या फेसावर बी सांगितलं असतं कुनीबी. मी इचारतो, तुझ्या ह्या आकड्यावर काय बदलायचं? व्रण पडलाय तो भरून येतो का?"

प्रज्ञा म्हणाली, "नाही मामा. हा आकडा अजून आमच्या संशोधनातलाच आहे. त्यावरून इलाज ठरवायची वेळ आलेली नाही अजून."

"म्हंजे तू सांगनार, आन् मी ऐकनार."

"हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

डॉक्टर उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येडे, रडू नको. तुझी परीक्षा बरोबर निघाली की. मामा नापास झाला, त्याला तू काय करनार?"

गोळ्यांचं पाकीट त्या दिवशी खिशातून गेलं. पाठ इतकी दुखायची की सकाळी उठताना ते भिंतीला धरून उठत. भाज्यांतले क्षार जावेत म्हणून वहिनी त्या उकडून पाणी फेकून देत. त्यात ना चव ना रंग. टोमॅटो बंद, शहाळं बंद, लोणचं बंद. डॉक्टर सगळं मुकाट पाळत होते. पुण्याला दर काही महिन्यांनी आपला नमुना पाठवत होते आणि प्रज्ञा दर वेळी खरा आकडा सांगत होती, कारण मामांनी तिच्याकडून तशी शपथ घेतली होती. आकडा कधी थोडा उतरायचा, तेव्हा वहिनी आनंदानं बासुंदी करत. डॉक्टर एक चमचासुद्धा खाऊ शकत नसले तरी वहिनी आमच्याकडं वाटी पाठवायच्या. पुढच्या खेपेला आकडा पुन्हा चढायचा. वहिनी मला विचारत, "ताई, एवढं सगळं सोडलं, मग कामून वाढायलंय?" मी भूगोलाची बाई. मी काय सांगणार? पण प्रज्ञालाही सांगता येत नव्हतं, आणि डॉक्टरांच्या डॉक्टरांनाही.

दोन-तीन वर्षांत रक्तानंही कबूल केलं. पाय सुजले, तोंडाची चव गेली, अंगाला खाज सुटली. तेव्हा किडनी बदलायची गोष्ट निघाली.

सुमनवहिनींनी कुणाला विचारलं नाही. "माझी घ्या," म्हणाल्या. प्रज्ञाही तयार होती, पण तिला डॉक्टरांनी उभंच केलं नाही. "तुझं अजून लगीन व्हायचंय, तिकडं सरक," एवढं बोलून विषय मिटवला. वहिनींपुढं मात्र त्यांचं चाललं नाही. संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्यांसाठी दोघं प्रज्ञाबरोबर गेले. वहिनींची आयुष्यात पहिल्यांदाच अशी नखशिखांत तपासणी होत होती. परत आल्या तेव्हा चेहऱ्यावर वेगळंच तेज. "ताई, सगळं चांगलं निघालं बगा! हृदय चांगलं, फुप्फुसं चांगली, किडन्या तर पोरीवानी हायत म्हनले. रक्त बी जुळलं." हे सांगताना त्या खरोखर लाजल्या. ऑपरेशनला लागतील म्हणून त्यांनी दोन नवे गाऊन शिवायला टाकले.

डॉक्टरांच्या हृदयाची तपासणी शेवटी होती. साखरेनं तेही पोखरलेलं निघालं. एवढं मोठं ऑपरेशन ते सोसणार नाही, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अगदी नीट, हळू आवाजात, खुर्ची पुढं ओढून सांगितलं, असं प्रज्ञा म्हणाली.

शिंप्याकडून गाऊन आले, त्या दिवशी वहिनी माझ्याकडं येऊन बसल्या. पिशवी मांडीवर. एका गाऊनची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाल्या, "माझं समदं चांगलं हाय म्हनले. पन काय करू त्या चांगल्याचं?"

मी त्यांच्यासाठी चहा ठेवला. दुसरं काय करणार होते?

डायलिसिस परभणीतच सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. सकाळी रिक्षा यायची, दुपारी परत आणून सोडायची. परत आले की डॉक्टर ओल्या कापडासारखे पडून राहत. दवाखाना बंद केला होता, तरी खेड्यांतून कुणी ना कुणी यायचंच. बाकी, त्यांचं बोलणं कमी झालं होतं, आवाज मऊ झाला होता. माणसांनाही ते आता अहो म्हणू लागले. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला.

एका दिवाळीच्या सुमारास मी त्यांना भेटायला गेले. प्रज्ञाचा फोन नुकताच येऊन गेला होता. तिचं काम आता पुढच्या टप्प्यात गेलं होतं, आणखी गावांतून माणसं घेणार होते. मी सहज म्हटलं, "वा, मग तुमचे नमुने चालू असतीलच."

डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग मान वळवून अगदी साध्या आवाजात म्हणाले, "न्हाई मॅडम. बंद झालं ते. आता होतच न्हाई मला. थेंब न्हाई. मशीनच काढती सगळं." थोडं थांबून म्हणाले, "प्रज्ञानं इचारलं परवा, मामा, ह्या महिन्याचा आला न्हाई. तिला काय सांगू? सांगितलं. आता ती माझ्यात काही वाचू शकत न्हाई."

जन्मभर असल्या गोष्टी ते मोकळेपणानं बोलत आले होते, तशीच हीही बोलले. लाजले नाहीत. पण हात चादरीची कड चाचपत राहिला. इतक्या दिवसांत आकडा वाईट होता, तरी आकडा होता. पोरगी तो वाचत होती, फोन करत होती, खोटे का होईना तोडगे सुचवत होती. आता त्याचीही गरज उरली नाही. त्या खोलीत डॉक्टर, वहिनी आणि मी असे तिघं बसलो होतो, आणि कुणाकडंच कुणाला देण्यासारखं काही नव्हतं.

ते गेले चैत्रात, ऊन तापायला लागलं तेव्हा. डायलिसिस चालू असतानाच रक्तदाब एकदम खाली गेला आणि तो पुन्हा वर आला नाही. वहिनी बाहेर बाकावर बसल्या होत्या. प्रज्ञा पुण्याहून निघाली ती पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. त्रिशरण म्हणताना तिचा आवाज मधेच थांबला, तेव्हा वहिनींनी पुढचे शब्द उचलले आणि शेवटपर्यंत म्हटले.

पण मला ते आठवतात ते त्याच दिवशीच्या सकाळचे.

रिक्षा दारात उभी होती. वहिनींनी डॉक्टरांना काखेत धरून आत बसवलं, पाठीला उशी दिली. मी फाटकाशी होते. इतक्यात पाथरी रोडकडच्या गावाहून एक बाई आली, दोरीला शेळी. शेळीचं पोट डावीकडून टम्म फुगलेलं, मान खाली, दात खात होती. टेंपोतून उतरून बाई मोठ्या रस्त्यापासून तिला ओढत आणत होती. डॉक्टर आजारी आहेत हे तिला माहीत नव्हतं.

"डाक्टर, बगा की हो हिला. रातच्यानं उभीच हाय," ती रिक्षाशी येऊन म्हणाली.

वहिनी म्हणाल्या, "बाई, ह्यांना दवाखान्यात न्यायलाव. उशीर होतोय."

डॉक्टरांनी रिक्षावाल्याला हात केला. "दोन मिनिटं थांबा." उतरायचा प्रयत्न केला, पण पाय उचलेना. मग त्यांनी ज्या हाताला सुया टोचत तो मांडीवर जपून ठेवला, दुसरा हात रिक्षाबाहेर काढला आणि बाईला म्हणाले, "जवळ आना." बाईनं शेळीला रिक्षाला टेकवून उभं केलं. डॉक्टरांची बोटं तिच्या फुगलेल्या कुशीवरून फिरली. एका जागी थांबली. त्यांनी तिथं टिचकी मारली, कान तिरका करून ऐकलं, पुन्हा मारली. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, कामातला, दुसरं काही न दिसणारा भाव आला होता.

"कोवळा मका खाल्लाय हिनं?"

"हाव. शेताच्या धुऱ्यावरचा."

"हवा धरलीय. घाबरू नका. गोडं तेल पाजा, पाव वाटी, दमादमानं, ठसका लागू देऊ नका. पुढचे पाय उंचावर ठिवून उभी करा, आन् पोट चोळत राहा, खालून वर." तेवढं बोलून त्यांना दम लागला. श्वास घेऊन म्हणाले, "संध्याकाळपर्यंत मोकळी व्हईल."

"उद्या आनू का दाखवायला?"

डॉक्टरांनी एकदा वहिनींकडं पाहिलं. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी त्यांना उठवत नसे. "उद्या नको," ते म्हणाले. "परवा या. परवा सकाळी."

रिक्षा सुरू झाली. त्यांचा हात अजून बाहेरच होता. वहिनींनी तो धरून आत घेतला. कोपऱ्यावरून वळेपर्यंत मागच्या काचेतून त्यांचं पांढरं डोकं दिसत होतं.

मी घरातून तेल आणून दिलं. बाईनं तिथंच रस्त्यावर, आमच्या पायरीवर शेळीचे पुढचे पाय चढवून, तिला ते पाजलं. मी वाटी धरली. पोट चोळता चोळता तिनं मला विचारलं, "परवा असतील ना वो डाक्टर? लांबून यावं लागतंय."

"असतील," मी म्हणाले. "या तुम्ही."